पाणी निवळले, पण शुद्ध झाले का?

गावाच्या खालच्या अंगाला भाजीचा मळा असलेले एक गृहस्थ मध्यंतरी दवाखान्यात आले. हातात दोन बाटल्या. एकीत शहराच्या नाल्याचे काळपट पाणी, दुसरीत तेच पाणी, पण बरेच नितळ. "डॉक्टरसाहेब, शेवग्याच्या बियांची पूड टाकली आणि दोन तासांत गाळ खाली बसला. आता हे पाणी कोथिंबिरीला, मुळ्याला द्यायला हरकत नाही ना?"

प्रश्न महत्त्वाचा आहे. ती कोथिंबीर आपल्या सर्वांच्याच ताटात येते.

बियांनी पाणी निवळण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेत यासाठी 'कतक' म्हणजे निवळीचे बी सांगितले आहे. हे बी भांड्याला आतून घासत व मग त्यात पाणी भरत. सुदानमध्ये नाईलचे गढूळ पाणी स्त्रिया शेवग्याच्या बियांनी निवळत असत. मलावी देशातील थायोलो येथील जलशुद्धीकरण केंद्रावर १९८९ ते १९९४ या काळात याचे मोठे प्रयोग झाले. नदीच्या पाण्यावर शेवगा तुरटीच्या तोडीचा ठरला.

हे घडते कसे? पाण्यातील बारीक कणांवर ऋण विद्युतभार असतो. सारखे भार एकमेकांना दूर लोटतात, म्हणून कण तरंगत राहतात. शेवग्याच्या बियांत धन भाराची, पाण्यात विरघळणारी प्रथिने असतात. ती कणांना एकत्र बांधतात. गुठळ्या होतात आणि जड होऊन तळाशी बसतात. तुरटीचे कामही जवळपास असेच चालते. मात्र तिच्या गाळात ॲल्युमिनियम राहते, तर शेवग्याचा अंश कुजून जातो. हा शेवग्याचा मोठा गुण.

मग अडचण कुठे आहे?

पहिली, बहुतेक जंतू मरत नाहीत, गाळाबरोबर खाली बसतात. वर उरलेले थोडे जंतूही कॉलरा, विषमज्वर किंवा कावीळ द्यायला पुरेसे असतात. शिवाय तळाच्या गाळात जंतांची अंडी गोळा होतात. ती मातीत कित्येक महिने जिवंत राहतात. तो गाळ खत म्हणून वाफ्यात टाकणे म्हणजे रोग पेरणेच होय.

दुसरी, पाण्यात विरघळलेली घाण, मूत्रातील द्रव्ये, साबण वगैरे बियांनी फारसे निघत नाही. उलट बियांतील सेंद्रिय अंश पाण्यात उतरतो. पाणी साठवले तर त्याला वास येतो व जंतू पुन्हा वाढतात.

तिसरी अडचण हिशेबाची. लिटरला १०० मिलिग्रॅम पूड धरली व माणशी रोज १०० लिटर सांडपाणी धरले, तर पन्नास हजार वस्तीच्या गावाला रोज ५०० किलो बी लागेल!

म्हणून शेवगा ही मैलापाणी शुद्धीकरणातील एक पायरी होऊ शकते, संपूर्ण उपाय नव्हे. गाळ बसवल्यानंतर हवा देऊन उपकारक जिवाणूंकडून विरघळलेली घाण खाववून घ्यावी लागते आणि शेवटी क्लोरीनसारख्या उपायाने जंतू मारावे लागतात. ते काम नगरपालिकेचे आहे. आपण नागरिकांनी त्याचा आग्रह धरला पाहिजे.

वाचकांनी एवढे लक्षात ठेवावे :

१) नाल्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी पिण्यास वा भांडी-भाजी धुण्यास वापरू नये.

२) पावसाळ्यात नळाला किंवा विहिरीला गढूळ पाणी आले, तर तुरटी किंवा शेवग्याच्या पक्व, वाळलेल्या, सोललेल्या बियांची पूड चालेल. लिटरला साधारण एक बी पुरते. नंतर पाणी दुहेरी फडक्याने गाळून खळखळून उकळावे आणि त्याच दिवशी संपवावे.

३) निवळीचे बी ओळखीचे नसेल तर वापरू नये. तिच्याच कुळातील काजऱ्याचे, म्हणजे कुचल्याचे बी अत्यंत विषारी असते.

४) कोथिंबीर, मुळा, काकडी भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावी. पावसाळ्यात पालेभाजी शिजवूनच खावी.

मळेवाल्या गृहस्थांना मी सांगितले, "हे पाणी कच्च्या खाण्याच्या भाजीला देऊ नका. द्यायचेच तर झाडांना द्या, पायांत बूट घाला, काम झाल्यावर साबणाने हात धुवा." ते थोडे हिरमुसले. पण जाताना दोन्ही बाटल्या माझ्या टेबलावर ठेवून गेले. तिसऱ्या दिवशी 'स्वच्छ' बाटलीचे झाकण उघडले, तेव्हा वासाने सारा दवाखाना भरला. डोळ्यांना जे दिसले नव्हते, ते नाकाने सांगितले.