आकड्यांचे राज्य : दक्षिण आफ्रिकेच्या तुरुंगांतील टोळ्यांची उत्पत्ती, रचना व वैर

तुरुंगातील टोळ्यांचा समाजशास्त्रीय विचार बहुधा दोन वाटांनी झालेला आहे. बंदिजनांची जीवनरीती तुरुंगातील वंचनांतूनच निपजते, असे ग्रेशम साइक्स याने १९५८ साली न्यू जर्सीतील एका कारागृहाच्या अभ्यासावरून प्रतिपादिले. तर बंदी आपली मूल्ये बाहेरून बरोबर घेऊन येतात, हा पक्ष जॉन अर्विन व डोनाल्ड क्रेसी यांनी १९६२ साली मांडला. दोन्ही पक्षांच्या मुळाशी अमेरिकेतील अनुभव आहे. दक्षिण आफ्रिकेत '२६', '२७' व '२८' अशा नुसत्या आकड्यांनी ज्या टोळ्या ओळखल्या जातात, त्यांचा इतिहास या दोहोंपैकी कोणत्याही चौकटीत पुरता मावत नाही. ही संघटना तुरुंगाबाहेर डोंगरात जन्मली, तुरुंगात वाढली, आणि आपली घडण तिने तिला कोंडणाऱ्या सत्तेकडूनच उचलली. तिचा मूळ पुरुष अखेरीस त्याच सत्तेच्या नोकरीत शिरला, ही गोष्ट मात्र तिने आपल्या स्मृतीतून वगळली आहे. या टोळ्यांचे स्वरूप समजून घेताना ही वगळणूक फार महत्त्वाची ठरते.

विटवॉटर्सरँडच्या पठारावर १८८६ साली सोन्याचा शोध लागला आणि अवघ्या काही वर्षांत जोहान्सबर्ग हे शहर उभे राहिले. खाणींना स्वस्त मजूर हवे होते, आणि आफ्रिकी शेतकरी तर आपखुशीने खाणीत उतरावयास तयार नव्हता. तेव्हा कर, करार व परवाने यांच्या जाळ्यात त्याला ओढण्यात आले. परवाना जवळ नसणे, करार मोडून निघून जाणे, हे गुन्हे ठरले. अशा 'गुन्हेगारां'नी तुरुंग भरले. बंद्यांना पुन्हा खाणकामालाही लावण्यात येई. किंबर्लीच्या हिऱ्यांच्या खाणींत डी बिअर्स कंपनी १८८०-९०च्या दशकातच बंदिवानांकडून काम करवून घेत होती. खाण, मजुरांची बंदिस्त वसाहत व तुरुंग या तीन ठिकाणांमधील भिंत त्या काळी किती पातळ होती, हे ध्यानात घेतल्यावाचून पुढील इतिहासाचा उलगडा होत नाही.

म्झुझेफी मथेबुला हा झुलू तरुण १८६७ साली जन्मला. कोवळ्या वयातच तो गोऱ्यांच्या घरी नोकरीस लागला. हॅरिस्मिथ येथे एका मालकाकडे मोतद्दाराचे काम करीत असताना एक घोडा हरवला. घोडा हरवला तेव्हा आपण तेथे नव्हतो, असे मथेबुलाचे म्हणणे. परंतु मालकाने दोष त्याच्यावर ठेवला आणि घोड्याची किंमत काम करून फेडण्याचा हुकूम दिला. तो अन्याय न साहून त्याने जोहान्सबर्गची वाट धरली. तेथे प्रथम वाटमाऱ्यांच्या संगतीत त्याने धंदा शिकून घेतला व मग स्वतःची टोळी उभारली. तिचा तळ शहराच्या दक्षिणेस क्लिपरिव्हर्सबर्गच्या डोंगरांत असे. म्हणून तिला 'उम्कोसी वेझिंताबा', म्हणजे डोंगरातील फौज, हे नाव पडले. मथेबुलाला लोक नोंगोलोझा म्हणू लागले. चार्ल्स व्हान ऑन्सेलेन या इतिहासकाराने ही सारी हकीकत दप्तरखान्यांतून शोधून काढली, आणि १९८४ साली त्याने नोंगोलोझावर जे छोटे पुस्तक प्रसिद्ध केले त्याचे नावच त्या क्षुल्लक घोड्यावरून ठेवले.

टोळीचे दुसरे नाव 'निनवेकर'. देवाविरुद्ध बंड करणाऱ्या निनवे या महानगरीविषयी आपण बायबलात वाचले आणि सरकारच्या कायद्याविरुद्ध बंड करणाऱ्या आपल्या टोळीस ते नाव दिले, असे नोंगोलोझाने पुढे आपल्या जबानीत सांगितले. येथे एक मौजेची गोष्ट अशी की, बायबलातील योनाच्या पुस्तकात निनवे नगरी अखेर पश्चात्ताप पावते. नावाची ही दुसरी बाजू त्या वेळी कोणाच्या ध्यानात आली असेल असे वाटत नाही.

या फौजेची रचना विलक्षण होती. शिरोभागी राजा, म्हणजे स्वतः नोंगोलोझा. त्याखाली गव्हर्नर-जनरलच्या तोडीचा मुख्य 'इंडुना'. मग आकड्यांनी ओळखले जाणारे 'सरकार'. मग बोअर सैन्यातील पदवी धारण करणारा लढाऊ जनरल. मग बोअर पद्धतीचा 'लँडड्रॉस्ट' म्हणजे दंडाधिकारी. वैद्य, कर्नल, कॅप्टन, सार्जंट आणि तळाशी साधे शिपाई. झुलू राजाची फौज, बोअर प्रजासत्ताकाची न्यायव्यवस्था आणि इंग्रजी लष्कर या तिन्ही सत्तांचे अवशेष येथे एकत्र आले आहेत. ज्या सत्तांनी या तरुणांना भूमिहीन, करदाते व कैदी केले, त्या सत्तांचीच हुद्द्यांची शिडी त्यांनी आपल्या डोंगरात उभी केली. एरिक हॉब्सबॉम याने १९५९ साली मांडलेली 'सामाजिक दरोडेखोर' ही कल्पना येथे लागू करण्याचा मोह होतो. तथापि निनवेकरांचे बळी बहुतांशी खाणीतून मजुरी घेऊन परतणारे गरीब आफ्रिकीच होते, हे विसरून चालणार नाही. बंडाची भाषा खरी होती आणि लुबाडणूकही खरी होती.

बोअर युद्ध १९०२ साली संपल्यावर ट्रान्सवालमध्ये इंग्रजी अंमल आला, पोलिसांचा पहारा कडक झाला आणि टोळीचे पुढारी एकामागून एक तुरुंगात गेले. सामान्यतः अशा वेळी टोळी मोडते. येथे उलट झाले. तुरुंगात परवान्याच्या गुन्ह्यावरून आलेले असंख्य निर्बळ तरुण होते. त्यांना पोटभर अन्न नव्हते आणि रात्री कोठडीचे दार बंद झाले की आत काय चालते याची विचारपूस करणारे कोणी नव्हते. सरकारने ही जागा रिकामी सोडली होती. ती भरून काढावयास एक तयार सरकार निनवेकरांजवळ होते. हुद्दे, न्यायसभा, शिक्षा, सारे काही. शिक्षा भोगून सुटलेले बंदी खाणींच्या वसाहतींत जात, तेथून पुन्हा तुरुंगात येत, आणि संघटना त्यांच्याबरोबर फिरत राही.

आणि मग १९१२ साली नोंगोलोझाने सरकारपुढे जबानी दिली. ती तुरुंग खात्याच्या त्या वर्षीच्या अहवालात छापली गेली. निनवेकरांविषयीची बरीचशी प्रत्यक्ष माहिती तिच्यामधूनच मिळते. त्याने टोळीचा त्याग केल्याचे जाहीर केले आणि तो तुरुंगाचा देशी पहारेकरी बनला. ज्या बंदिजनांचा तो राजा होता, त्यांच्यावरच पहारा देण्याचे काम त्याच्याकडे आले. प्रिटोरिया येथे १९४८ साली तो निष्कांचन स्थितीत मरण पावला.

तुरुंगात पिढ्यान् पिढ्या तोंडी चालत आलेल्या कथेत यांतले जवळजवळ काहीच नाही. तीत घोडा नाही, जबानी नाही, पहारेकऱ्याचा गणवेश तर नाहीच. जॉनी स्टाइनबर्ग याने केपटाउनजवळील पोल्समूर तुरुंगातील बंद्यांच्या तोंडून ही कथा ऐकली आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या 'द नंबर' या ग्रंथात तिचा सविस्तर ऊहापोह केला. कथेचे पाठ अनेक आहेत. ठोकळ रूप असे : पो नावाचा एक शहाणा वृद्ध होता. खाणींकडे गेलेले तरुण परत का येत नाहीत, हे पाहण्यास तो स्वतः निघाला. खाणीतील मृत्यू व छळ त्याने डोळ्यांनी पाहिला. वाटेत त्याला नोंगोलोझा व किलिकिजान हे दोन तरुण भेटले. खाणीत मरण्यापेक्षा खाणीचे सोने लुटा, असे सांगून त्याने त्यांना एका गुहेत लुटीची विद्या व एक गुप्त भाषा शिकविली. अनुयायी जमून एकूण पंधरा झाले. मग राबी नावाच्या गोऱ्या शेतकऱ्याचा बैल त्यांनी पळविला, कापला, आणि टोळीचे कायदे त्याच्या कातड्यावर व एका शिळेवर उमटविले.

पुढे फूट पडली. नोंगोलोझाने आपल्या एका तरुण अनुयायाशी शरीरसंबंध ठेवला. किलिकिजानने हे कायद्याविरुद्ध आहे असे म्हटले. नोंगोलोझाने कायद्यातच त्याला आधार आहे असे उत्तर दिले. शिळा फुटून कायद्याचा एक भाग नाहीसा झाल्याचे कथेत सांगितले जाते, त्यामुळे वादाचा निकाल लागणेच अशक्य झाले. रक्त सांडले व दोघे वेगळे झाले. नोंगोलोझाकडे तो धरून आठ जण राहिले, किलिकिजानकडे सात. पुढे तुरुंगात ग्रे नावाच्या जुगाऱ्याच्या सहा जणांची टोळी त्यांना भेटली. नोंगोलोझाने तिला झिडकारले, किलिकिजानने आश्रय दिला. २८, २७ व २६ या तीन छावण्यांचा उगम बंदिजन असा सांगतात.

इतिहासकाराला या कथेत चुका दिसतील. समाजशास्त्राच्या अभ्यासकाने तिच्याकडे घटना म्हणून पाहावयास हवे. कारण ही कथा करमणुकीची गोष्ट नसून तीच या टोळ्यांची राज्यघटना आहे. कोणत्याही तंट्यात आधार म्हणून तिचेच प्रकरण उद्धृत होते. नव्या तुरुंगात आलेल्या बंद्याने आपण अमुक छावणीचे आहोत असे म्हटले, की त्याची परीक्षा याच कथेवरून घेतली जाते. प्रश्न विशिष्ट शब्दांत येतात आणि उत्तरे विशिष्ट शब्दांतच द्यावी लागतात. त्या भाषेला 'साबेला' म्हणतात. झुलू, खोसा, आफ्रिकान्स व इंग्रजी यांच्या मिश्रणाने ती बनली आहे. लिहिलेला एक कागदही नसताना एवढ्या विस्तीर्ण देशातील तुरुंगांत ही संघटना एकसंध कशी राहिली, याचे उत्तर या पाठांतरात आहे.

छावण्यांची कर्तव्ये कथेतूनच ठरतात. २६ची वृत्ती सूर्योदयाची : त्यांनी रक्त न सांडता, युक्तीने व फसवणुकीने धन मिळवावयाचे, त्या धनात इतर छावण्यांचाही वाटा मानला जातो. २८ सूर्यास्ताचे. त्यांच्यात दोन शाखा आहेत : एक लढवय्यांची, बंदिजनांच्या अन्नासाठी व हक्कांसाठी लढणे हे जिचे घोषित कर्तव्य, दुसरी 'खाजगी', जिच्यातील तरुणांना लढवय्यांच्या शय्यासोबतीसाठी ठेवले जाते. दुसऱ्या शाखेत कोण जाणार हे पुष्कळदा बळाने व कपटाने ठरते. कर्तव्याच्या भव्य भाषेआड दडलेली ही क्रूरता झाकून ठेवण्याचे कारण नाही. २६ व २८ यांनी कायद्याच्या बाबतीत एकमेकांशी थेट बोलावयाचे नाही. मध्ये २७ हवेत. ते दुभाषे, कायद्याचे रक्षक आणि सूड घेणारेही आहेत. कोठे मर्यादाभंग झाला तर रक्त सांडून तो 'सरळ' करणे हे त्यांचे काम.

प्रत्येक छावणीत जनरल, न्यायाधीश, कारकून, वैद्य असे हुद्दे आजही आहेत, आणि ते काल्पनिक साधनांसह वावरतात. 'ग्लास' या हुद्द्याचा माणूस नसलेल्या दुर्बिणीतून तुरुंगाच्या आवारावर नजर ठेवतो. वैद्य नसलेल्या नळीने नवागताची छाती तपासतो. न्यायसभेत बसणाऱ्यांच्या अंगावर कोणालाही न दिसणारे गणवेश असतात व त्यांवरील पट्टे व तारे प्रत्येकाला पाठ असतात. बाहेरून हे पोरखेळासारखे वाटेल. परंतु या न्यायसभेने दिलेली शिक्षा काल्पनिक नसते. रक्ताच्या मार्गाने वर चढू पाहणाऱ्याला पहारेकऱ्यावर वा आकडा नसलेल्या बंद्यावर सुरा चालवावा लागतो, आणि नंतर पहारेकऱ्यांची मारहाण व एकान्तवास निमूटपणे सोसावा लागतो. म्हणजे टोळीच्या दीक्षाविधीचा उत्तरार्ध सरकारी नोकरच पार पाडीत. तुरुंगाची दंडयोजना जितकी कठोर, तितकी दीक्षा अस्सल! वर्णभेदी राजवटीतील अधिकाऱ्यांना हे उमगले असेलही. त्यांनी पद्धत मात्र बदलली नाही. शिवाय १९५९च्या तुरुंग कायद्याने कारागृहातील परिस्थितीविषयी छापणे इतके धोक्याचे करून ठेवले की वृत्तपत्रे व विद्यापीठे दोन्ही या विषयापासून दीर्घकाळ दूर राहिली.

सरकारशी संगनमत करणाऱ्या 'बिग फाइव्ह' या निराळ्या टोळीविषयी इतर तिन्ही छावण्यांना वाटणारा तिरस्कार या संदर्भात लक्षात घेण्याजोगा आहे. पहारेकऱ्यांना बातम्या पुरवून सवलती मिळविणे हे आकड्यांच्या कायद्यात सर्वात हीन कृत्य होय. असे असता ज्याच्या नावाने हा कायदा चालतो, त्याने स्वतः काय केले होते? १९१२ची जबानी छापील अहवालात शंभरांहून अधिक वर्षे पडून आहे.

केप प्रांताच्या पश्चिम भागात या टोळ्यांनी विशेष मूळ धरले. केपटाउनमधील डिस्ट्रिक्ट सिक्स ही वस्ती १९६६ साली केवळ गोऱ्यांसाठी राखीव जाहीर झाली आणि तेथील मिश्रवंशीय कुटुंबांना शहराबाहेरील वालुकामय सपाटीवर हलविण्यात आले. उखडलेल्या वस्त्यांतील तरुणांच्या रस्त्यावरील टोळ्या व तुरुंगातील आकडे या दोन गोष्टी तरीही पुष्कळ काळ वेगळ्या राहिल्या. रस्त्यावरचा दादा तुरुंगात आला की त्याला आपली टोळी दाराबाहेर ठेवावी लागे; आत आल्यावर तो कोणी नसे, आणि कथा शिकण्यापासून त्याला प्रारंभ करावा लागे.

ही भिंत १९९०च्या दशकात ढासळली. देशाच्या सीमा व्यापारास खुल्या झाल्या, अमली पदार्थांचा पैसा आला, आणि केपटाउनच्या मोठ्या टोळ्यांनी आकड्यांशी सोयरीक जोडली : 'अमेरिकन्स' २६कडे झुकले, 'द फर्म' २८कडे. पैसेवाले पुढारी तुरुंगात येऊन हुद्दे विकत घेऊ लागले. तुरुंगाचे तोंडही न पाहिलेली मुले अंगावर आकडे गोंदवून घेऊ लागली. पूर्वी २६ व २८ यांच्यातील वैर कथेच्या अर्थावरून होई व २७च्या मध्यस्थीने ते मर्यादेत राही. आता बाजारपेठेच्या हद्दीवरून लागलेल्या भांडणांनाच आकड्यांची नावे मिळाली, आणि रस्त्यावर मध्यस्थी करावयास २७ कोठे आहेत? १९९४ साली लोकनियुक्त सरकार आले; तुरुंग खाते त्याआधीच 'सुधारसेवा' म्हणून ओळखले जाऊ लागले होते, वर्णानुसार तुरुंगाची विभागणीही गेली. परंतु ज्या सत्तेविरुद्ध बंड म्हणून हा कायदा रचला गेला ती सत्ताच नाहीशी झाल्यावर त्याचा अर्थ काय लावावयाचा, याचे उत्तर जुन्या बंद्यांना कथेत सापडेना. वीस-वीस वर्षे शिक्षा भोगून, एकान्तवास सोसून मिळविलेला हुद्दा एखाद्या धनाढ्य नवागताला महिन्याभरात मिळतो हे पाहून त्यांच्यातील काहींनी आकडा सोडला. पोल्समूरमध्ये स्टाइनबर्गला आपली कहाणी सांगणारा बंदी त्यांपैकीच एक होता. त्याने कित्येक महिने बसून जी कथा सांगितली, ती बाहेरच्या माणसाला सांगणे हाही आकड्यांच्या कायद्याप्रमाणे गुन्हाच आहे.