प्रतिस्पर्धी जखमी होता, मग पोगाचारचा विजय 'सोपा' होता का?

२०२४ ची टूर द फ्रान्स स्लोव्हेनियाच्या पोगाचारने जिंकली. डेन्मार्कचा व्हिंगेगार्ड ६ मिनिटे १७ सेकंद मागे राहिला. पण व्हिंगेगार्ड एप्रिलमध्येच स्पेनमधल्या शर्यतीत पडला होता. कॉलरबोन मोडलं, फुप्फुसाला इजा झाली. म्हणून काही चाहते या विजयाला 'सोपा' म्हणतात.

आपल्या मुंबई-पुणे शर्यतीत 'घाटाचा राजा' बोरघाटात ठरतो. टूरचा निकालही बहुतेकदा चढावरच लागतो. प्लाटो द बेयच्या चढावर व्हिंगेगार्डने मार्को पान्तानीची १९९८ मधली वेळ तब्बल दोन मिनिटांहून जास्त फरकाने मोडली. (आजच्या सायकली हलक्या आहेत, हेही खरं.) जखमी माणूस असा चढतो? आणि त्याच चढावर पोगाचार त्याच्याही ६८ सेकंद आधी पोहोचला.