वळीव गेला, ठिणगी उरली

मंडळी, ऑगस्टचा पहिला आठवडा आहे असं समजा. शुक्रवारी दुपारी तुम्ही तंबू, शेगडी आणि भेळेचं सामान गाडीत टाकून पोर्टलंडहून निघालात. माउंट हूडच्या उतारावर फरची गर्द जंगलं लागली. डोंगर ओलांडला आणि तासाभरात सगळं चित्रच पालटलं. झाडं विरळ झाली, माती राखाडी झाली, खिडकीतून सेजब्रशचा कापरासारखा उग्र वास यायला लागला. वॉर्म स्प्रिंग्ज मागे टाकून तुम्ही मद्रासला पोचलात. (हो, ओरेगनमध्येही एक मद्रास आहे!)

तेवढ्यात दक्षिणेकडून ढग चढले. सोसाट्याचा वारा, धुळीचे लोट, विजांचा कडकडाट, टपोरे चार थेंब आणि ओल्या मातीचा वास. अर्ध्या तासात सगळं शांत. आता गाडीतलं कोणीतरी हमखास म्हणणार, "वा, वळीव झाला! आता गारवा येईल."

इथेच आपली फसगत होते. महाराष्ट्रात वळीव म्हणजे उन्हाळा संपत आल्याची खूण. त्याच्या मागून मृगाचा पाऊस येतो, रान हिरवं होतं. ओरेगनच्या या उंच वाळवंटात बहुतेक वेळा उलटं घडतं. वादळामागून येतात कडक उन्हाचे, कोरडे दिवस, आणि खरा धोका तेव्हा जागा होतो.

उंचावरचं वाळवंट

बेंड शहर समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटरवर आहे, म्हणजे महाबळेश्वरपेक्षा थोडंसंच खाली. पण वर्षाचा पाऊस जेमतेम ३०० मिलिमीटर. महाबळेश्वरला जुलैत कधीकधी एका दिवसात तेवढा पडतो! कारण आपल्या ओळखीचंच आहे: पर्जन्यछाया. सह्याद्री ढग अडवतो आणि माण-खटाव कोरडं राहतं, तसंच इथे कॅस्केड पर्वत पॅसिफिकवरून येणारं बाष्प पश्चिम उतारावर उतरवून घेतो. फरक एवढाच, की इथला मुख्य पाऊस आणि बर्फ हिवाळ्यात पडतं. उन्हाळा जवळजवळ कोरडाच.

मग ऑगस्टमध्ये वादळ कुठून आलं? अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातही मोसमी पाऊस असतो. त्याचं माहेर मेक्सिको, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिको. जुलै-ऑगस्टमध्ये तिथल्या उच्च दाबाच्या क्षेत्राभोवती वारे फिरतात आणि थोडं बाष्प उत्तरेला ओरेगनपर्यंत ढकलतात. इथली जमीन दिवसभर तापलेली असतेच. गरम हवा वर झेपावते आणि दुपारी ढगांचे मनोरे उभे राहतात.

पाऊस पडतो, पण पोचत नाही

जमिनीलगतची हवा अगदी कोरडी असल्यामुळे ढगांचा तळ फार उंच असतो, बऱ्याचदा जमिनीपासून दोन-तीन किलोमीटरवर. थेंब ढगातून निघतात, पण वाटेतच त्यांची वाफ होते. लांबून बघितलंत तर ढगाखाली राखाडी झालर लोंबताना दिसते, आणि ती जमिनीला टेकतच नाही.

थेंबांची वाफ होताना आसपासची हवा गार होते. गार हवा जड, म्हणून ती धाडकन खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चारी बाजूंना पसरते. तुमचा तंबू उडवणारा वारा तो हाच. विजेला मात्र कोरड्या हवेची अडचण नसते, ती थेट जमिनीवर पोचते. ज्या वादळात अडीच मिलिमीटरपेक्षाही कमी पाऊस पडतो, त्याला इथे 'कोरडं वादळ' म्हणतात.

वादळानंतरचे दिवस

एकदोन दिवसांत वाऱ्यांची दिशा बदलते, दक्षिणेचं बाष्प तुटतं आणि उच्च दाबाचा पट्टा डोक्यावर येऊन बसतो. त्यात हवा वरून हळूहळू खाली उतरते. उतरताना ती दाबली जाते आणि दर किलोमीटरला सुमारे १० अंश सेल्सिअसने तापते. सायकलचा पंप भरभर मारला की गरम होतो ना, तसंच. हवा तापली की तिची सापेक्ष आर्द्रता घसरते. दुपारी ती १०-१५ टक्क्यांवर येते, ढग धरतच नाहीत, आकाश निळंशार.

आता त्या विजेकडे परत येऊ. टेकडीवरच्या एकट्या जुनिपरवर ती पडली. खोडाच्या आत, ढोलीत किंवा मुळांशी साचलेल्या पालापाचोळ्यात ठिणगी धुमसत राहिली. चार थेंबांनी ती विझली नाही, फक्त झोपली. अशी आग काही दिवस, कधी तर काही आठवडेही दबून राहू शकते.

दरम्यान आसपासचं सरपण वाळत असतं. वणव्यांचे अभ्यासक सरपणाची जाडीनुसार वर्गवारी करतात. गवताच्या काड्यांना म्हणतात 'एक तासाचं इंधन', कारण हवा कोरडी झाली की त्या तासाभरात वाळतात. बोटाएवढ्या फांद्या 'दहा तासांच्या', मोठे ओंडके 'हजार तासांचे'. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी ओलं लागलेलं गवत शनिवारी दुपारी पेटायला तयार! त्यातच चीटग्रास हे बाहेरून आलेलं गवत उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच वाळून बसलेलं असतं. दुपारचा वारा सुटला की ठिणगी जागी होते.

हे नुसतं पुस्तकी नाही. ८ जुलै २०१२ ला विजेमुळे लागलेल्या लाँग ड्रॉ वणव्यात आग्नेय ओरेगनमधली साडेपाच लाख एकरांहून जास्त जमीन जळाली. १७ जुलै २०२४ ला विजेनेच पेटलेल्या डर्की वणव्याने जवळपास तीन लाख एकर घेतले. कुरणं, गुरं, शेतकऱ्यांची कुंपणं, सगळं त्यात आलं.

मग तुम्ही काय करायचं?

गडगडाट चालू असताना गाडीत किंवा पक्क्या इमारतीत बसा, तंबूत नको. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास थांबा.

निघण्यापूर्वी राष्ट्रीय हवामान सेवेचा अंदाज बघा. 'रेड फ्लॅग वॉर्निंग' असेल तर शेकोटीचा विचारच सोडा. गॅसची शेगडीही त्या दिवशीचा नियम वाचूनच पेटवा.

वाळक्या गवतात गाडी उभी करू नका. गाडीखालचा तापलेला एक्झॉस्ट आग लावायला पुरेसा असतो.

आणि शेवटचं, सगळ्यात महत्त्वाचं. इथे रात्री हवा झपाट्याने गार होते. दिवसा ३० अंश, तर पहाटे १०. ती गार हवा दरीत बसते आणि तिच्यासोबत धूरही दबून राहतो. साधारण दहा-अकरानंतर हवा तापून वर जायला लागली की लपलेली आग पहिल्यांदा दिसते. तेव्हा चहाचा कप हातात घेऊन समोरच्या टेकड्यांवरून एकदा नजर फिरवा. एखाद्या झाडावरून धुराची बारीक रेघ निघत असेल, तर जागा नीट लक्षात ठेवा आणि ९११ ला फोन करा. दुसऱ्या कोणीतरी केला असेल, असं समजून बसू नका. आत्ता ते एक झाड आहे, संध्याकाळपर्यंत ती अख्खी टेकडी असू शकते.