परदेशात पहिल्यांदा (भाग ४) : डबा कुठला, बर्थ कुठला?

विमानतळावरून बाहेर कसं पडायचं ते मागच्या आठवड्यात पाहिलं. झुरिकला मात्र बाहेर पडावंच लागत नाही. रेल्वे स्टेशन विमानतळाच्या पोटातच आहे. सामान घेऊन खाली उतरलं की थेट फलाट. ना फाटक, ना सामानाची तपासणी, ना दारात उभा टीसी. आपल्याकडच्या जोडप्याची पहिली पंचाईत इथेच होते, कारण अडवायला कुणी नसलं की विचारायलाही कुणी नसतं.

आमच्या घरात प्रवाशांचे दोन पंथ आहेत. मी डोंबिवलीची, सगळी नोकरी लोकलने केलेली. आमचे हे मिरजेचे. यांच्या लेखी रेल्वे म्हणजे महालक्ष्मी एक्स्प्रेस, कधीचं काढून ठेवलेलं तिकीट, चार्ट, खालचा बर्थ आणि तासभर आधी गाठलेलं स्टेशन. ल्युसर्नचं तिकीट उलटसुलट करत यांनी विचारलं, “अगं, गाडीचा नंबर कुठाय यावर? डबा कुठला?”

“नाहीये.”

“नाहीये म्हणजे? मग बसायचं कशात?”

“अहो, येईल त्या गाडीत!”

स्वित्झर्लंडचं साधं तिकीट गाडीचं नसतं, मार्गाचं आणि दिवसाचं असतं. त्या दिवशी त्या मार्गावरची कुठलीही गाडी पकडा, वाटेत उतरा, चहा घ्या, पुढची धरा. अपवाद आहे तो सवलतीच्या ‘सुपरसेव्हर’ तिकिटाचा. ते ठरावीक गाडीलाच चालतं, त्यामुळे स्वस्त दिसलं म्हणून घेऊन टाकू नका. नवख्या जोडप्याने पास किंवा ‘हाफ फेअर कार्ड’ यांचा हिशेब आधी घरीच करून जावा. फाटक नाही म्हणून तिकीटही नको, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. मोबाइलवरचं तिकीटसुद्धा गाडी सुटण्याआधी काढलेलं लागतं. टीसी गाडीत येतो आणि दंड माणशी शंभर फ्रँकच्या आसपास बसतो. ‘आम्ही इथे नवीन आहोत’ ही सबब तिथे रोज ऐकली जात असणार.

आरक्षणावाचून हे चालतं कसं? याचं उत्तर वेळापत्रकात आहे, आणि या देशातली खरी बघण्याजोगी गोष्ट माझ्या मते बर्फापेक्षा हे वेळापत्रक आहे. १९८२ पासून तिथे गाड्या ठरावीक ठेक्यावर धावतात. दहा वाजून चार मिनिटांनी गाडी असेल तर अकरा चारला असते, बारा चारलाही असते. मोठ्या जंक्शनांवर चारी दिशांच्या गाड्या तास भरायच्या जरा आधी येऊन उभ्या राहतात, माणसं इकडून तिकडे जातात आणि तास उलटला की सगळ्या पांगतात. बर्न आणि झुरिक ही अशीच दोन जंक्शनं. त्यांच्यातला प्रवास तासाच्या आत बसला तरच दोन्ही टोकांचं गणित जुळणार होतं. म्हणून ताशी २०० किलोमीटरचा नवा मार्ग बांधला आणि २००४च्या डिसेंबरात तो प्रवास ५६ मिनिटांवर आणला. त्याहून वेगात जायची हौस त्यांना नव्हती. या साऱ्या योजनेला लोकांनी १९८७ साली मतदान करून मंजुरी दिली होती, हे वाचून मी थक्क झाले. आपल्याकडे वेळापत्रकावर मत मागितलं तर काय होईल?

या ठेक्यामुळे गाडी चुकणं ही आपत्ती राहत नाही. ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’मध्ये राज-सिमरनची गाडी सुटते ते स्टेशन त्स्वायझिमेन. एरवी तिथे थोडं थांबलं की पुढची गाडी येते, पण मग सिनेमा मध्यंतराआधीच आटोपला असता.

म्हणजे लोकलवाल्यांना हे सगळं ओळखीचंच. दादरला पूल ओलांडून गाडी बदलणाऱ्याला झुरिकचं मुख्य स्टेशन काही नवं शिकवत नाही. इंडिकेटर पाहायचा, फलाट धरायचा, आपला डबा जिथे लागतो तिथे उभं राहायचं. फलाटावर ए, बी, सी, डी असे विभाग लिहिलेले असतात आणि पहिला वर्ग कुठल्या अक्षरापाशी लागेल तेही वरच्या फळ्यावर दिसतं. सुटणाऱ्या गाड्यांचा छापील तक्ता पिवळा, येणाऱ्यांचा पांढरा. त्या पिवळ्या तक्त्यावर फलाट क्रमांकही छापलेला असतो आणि तो डिसेंबरात नवं वेळापत्रक येईपर्यंत बहुधा तोच राहतो. यांचा त्यावर विश्वास बसेना. दार आपोआप उघडेल म्हणून वाट पाहू नका, बटण दाबायचं असतं. मोठी बॅग पाठीला पाठ लावलेल्या दोन आसनांमधल्या फटीत सरकवा, ती जागा सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

आणि घड्याळ जरूर बघा. हान्स हिलफिकर यांनी १९४४ साली बनवलेलं ते पांढऱ्या तबकडीचं घड्याळ प्रत्येक फलाटावर आहे. त्याचा लाल सेकंदकाटा, ज्याच्या टोकाला गार्डच्या हातातल्या तबकडीसारखा गोल आहे, बारावर येऊन क्षणभर थबकतो. मध्यवर्ती घड्याळाकडून इशारा आला की मिनिटकाटा टक्कन एक घर पुढे उडी मारतो आणि लाल काटा पुन्हा चालू लागतो.

विमानतळावरून उलट दिशेच्या गाड्या विंटरटूरला जातात. तिथल्या कारखान्यातली मगरतोंडी विजेची इंजिनं १९२८च्या सुमारास जीआयपी रेल्वेत आली आणि आपल्या घाटांत मालगाड्या ओढत राहिली. आपल्या माणसांनी त्यांना ‘खेकडा’ म्हटलं. एक दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे. हे सांगितल्यावर मिरजकरांचा चेहरा जरा सैलावला.

यांची ‘डबा कुठला?’ ही चौकशी अगदीच वाया जाते असं नाही. इंटरलाकेन ओस्टहून डोंगरात जाणारी गाडी त्स्वायल्युटशिनेनला दोन तुकड्यांत विभागते. एक तुकडी ग्रिंडेलवाल्डला जाते, दुसरी लाउटरब्रुनेनला. डब्यावरची पाटी न वाचता चढलात तर भलत्याच खोऱ्यात पोहोचाल. तिथे मी निवांत खिडकी पकडली होती आणि हे पाटी वाचायला दोनदा खाली उतरून आले.

(पुढील भागात : दातेरी रुळांची गाडी)