शनिवारवाड्याचे पटांगण : एका नगरचिन्हाची घडण

पुण्याची ओळख म्हणून शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्याचे चित्र सर्वत्र छापले जाते. परंतु ज्या पटांगणातून तो दरवाजा दिसतो, त्याचा स्वतंत्र विचार क्वचितच होतो. वस्तुतः नगराचे प्रतीक होण्यात वाड्याइतकाच या मोकळ्या जागेचाही वाटा आहे.

वाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली. त्या काळी छत्रपतींची राजधानी सातारा होती. पुण्याचे पुढील महत्त्व निश्चित झालेले नव्हते. १७४० साली पहिले बाजीराव निवर्तल्यावर रघूजी भोसले यांनी पेशवेपदासाठी बारामतीचे सावकार बाबूजी नाईक यांचे नाव पुढे केले. हे घराणे पेशव्यांचे सोयरे होते. बाजीरावांची बहीण भिऊबाई नाईकांच्या घरी दिलेली होती. शाहू महाराजांनी पद नानासाहेबांस दिले, आणि वाडा सत्तेचे केंद्र राहिला. निर्णय उलट झाला असता, तर या वाड्यास पुढील प्रतिष्ठा लाभली असती असे खात्रीने म्हणता येत नाही.

पेशवाईत दरवाज्यापुढील जागा हा सत्तेचा उंबरठा होता. दरवाज्यावर नगारखाना होता, आणि हत्तींच्या धडकेस अटकाव व्हावा म्हणून त्याच्या फळ्यांवर अणकुचीदार खिळे बसविलेले होते. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत आतील महाल नष्ट होऊन मुख्यतः तट, बुरूज व दरवाजे उरले. तथापि पटांगण ओस पडले नाही. तेथे शहराचा भाजीबाजार भरू लागला. १८८६ साली रे मार्केट उघडल्यावर तो तिकडे गेला. या इमारतीवरील खर्चास महात्मा फुले यांनी नगरपालिकेत विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे मत होते. पुढे त्याच मंडईस त्यांचे नाव देण्यात आले.

विसाव्या शतकात पटांगणास सभास्थानाचे रूप आले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील सभा येथे गाजल्या. कोरेगावच्या लढाईस दोनशे वर्षे पूर्ण होण्याच्या आदल्या दिवशी, ३१ डिसेंबर २०१७ रोजी, एल्गार परिषदही येथेच भरली. पेशवाईचा अभिमान बाळगणारे आणि तिच्या समाजव्यवस्थेचा निषेध करणारे, या दोघांनाही हेच स्थळ महत्त्वाचे वाटावे, ही गोष्ट लक्षणीय आहे. प्रतीक म्हणजे सर्वांचे एकमत नव्हे. ज्या अर्थाविषयी वाद घालण्यासाठी माणसे एका जागी येतात, ती जागाही प्रतीकच होय.

१९१९ साली वाडा संरक्षित स्मारक ठरला. संरक्षणाची दृष्टी बहुधा दगडचुन्यावर असते. परंतु उंबरठा, बाजार व सभा ही तिन्ही रूपे ज्या मोकळेपणामुळे संभवली, तो मोकळेपणा हाही इतिहासाचा दस्तऐवज आहे. तो वाहनांच्या गर्दीत वा कुंपणात हरवला, तर तट शाबूत राहूनही नगरचिन्हाचा अर्धा अर्थ नाहीसा होईल.