सपाट पाऊल : ओळख आणि निगा

परभणी जिल्ह्यातील शेतीचे पुष्कळसे काम अद्यापि माणसाच्या पायांवरच चालते. तिफणीमागे चालणे, दिवसभर कापूस वेचणे, पावसाळ्यात काळ्या रानाचा चिखल तुडवीत जाणे, या सर्वांचा भार तळपायावर पडतो. बैलाच्या खुरांकडे शेतकरी जितके लक्ष देतो, तितके स्वतःच्या पावलाकडे देत नाही. म्हणून बोलीत ज्यास फताडा पाय म्हणतात, त्याची नीट ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

कमानीचे कार्य

टाच व चवडा यांच्यामध्ये, तळव्याच्या आतील बाजूस जो खळगा असतो, ती पायाची कमान होय. हाडे, त्यांना बांधणारे अस्थिबंध आणि पोटरीतून घोट्याच्या आतील बाजूने तळव्यात उतरणारा स्नायुरज्जू यांनी ती तोलून धरलेली असते. पाऊल टेकताना कमान किंचित दबते व उचलताना ताठ होते. त्यायोगे चालण्याचा हिसका कमी बसतो.

घरच्या घरी परीक्षा

ओले पाऊल कोरड्या फरशीवर उमटवावे. खळग्याची जागा मोकळी न राहता सर्व तळवा भरून उमटला, तर पाऊल सपाट समजावे. नंतर चवड्यांवर उभे राहावे. कमान पुन्हा दिसू लागली, तर पाऊल लवचीक आहे. वेदना नसल्यास अशा पावलास कोणताही उपचार नको. तो रोग नव्हे आणि अपशकुनही नव्हे.

मुलांचे पाऊल

तान्ह्या मुलाचे पाऊल सपाटच दिसते. वाढत्या वयाबरोबर, बहुधा दहा वर्षांच्या आत, बहुतेकांची कमान तयार होते. राव व जोसेफ या भारतीय डॉक्टरांनी २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून १९९२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट पाऊल ८.६ टक्के, तर अनवाणी मुलांत २.८ टक्के आढळले. बंद बूट वापरणाऱ्यांत हे प्रमाण सर्वांत अधिक होते. याचा अर्थ मुलांना काट्याकुट्यांत अनवाणी पाठवावे असा नव्हे. रानात व शौचास जाताना पादत्राण हवेच. परंतु स्वच्छ अंगणात लहान मुलास अनवाणी खेळू द्यावे. लवचीक पाऊल सुधारावे म्हणून महागडे बूट घेण्यात पैसा घालवू नये. त्यांनी कमान घडत नाही.

भरतीस जाणारे तरुण

सैन्यभरतीच्या तपासणीत पाऊल पाहिले जाते. चवड्यांवर उभे राहता कमान दिसते, पाऊल लवचीक व वेदनारहित आहे आणि चवड्यांवर नीट धावता येते, अशा उमेदवारास सपाट पाऊल सहसा आड येत नाही. तथापि त्या भरतीचे नियम आधी वाचून वरील परीक्षा घरीच करून पाहावी, म्हणजे ऐन वेळी निराशा होणार नाही.

दुखऱ्या पावलाची निगा

भिंतीस हात टेकून, एक पाय मागे ठेवून, टाच न उचलता पोटरी ताणावी. चवड्यांवर हळूहळू उठावे व बसावे. झिजलेली पातळ स्लीपर टाकून टाचेस घट्ट आधार देणारे पादत्राण वापरावे. वजन अधिक असल्यास कमी करावे. वेचणीच्या दिवसांत मधूनमधून सावलीत बसून पाय मोकळे करावेत.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

एकच पाऊल नव्याने सपाट होऊ लागले, घोट्याच्या आत सूज आली, चवड्यांवर उठता येईना, किंवा मुलाचे पाऊल ताठर व दुखरे असले, तर विलंब करू नये. मधुमेही व्यक्तीचा पाय गरम, लाल व सुजलेला दिसला, तर दुखत नसले तरी त्यावर भार न देता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. अशा पायाची हाडे आतून खचत असतात आणि बधिरतेमुळे ते कळत नाही.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी शिवारफेरीत ओल्या पावलाची परीक्षा करून दाखवावी. शंकास्पद पावलाचे मूल राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वा शाळेत येईल तेव्हा त्यास अवश्य दाखवावे.