एक्स्प्लेनर : पेटीतल्या सापाला जिवंत उंदीर द्यावा की मेलेला? धोका कुणाला, कायदा काय सांगतो?

जवळा बाजार (जि. हिंगोली) : जिथे धान्य तिथे उंदीर आणि जिथे उंदीर तिथे साप. औंढा नागनाथ तालुक्यातील जवळा बाजारसारख्या सोयाबीन-हळदीच्या पट्ट्यात हे गणित शेतकऱ्यांना पाठ आहे. मोबाइलवर मात्र याच गणिताचे वेगळे रूप दिसते. काचेच्या पेटीत साप, समोर सोडलेला जिवंत उंदीर आणि खाली लाइक्सचा पाऊस. असे रील पाहून अनेकांना वाटते, सापाला खाऊ घालण्याची हीच नैसर्गिक पद्धत असावी.

प्रत्यक्षात तसे नाही. साप पाळण्याला परवानगी असलेल्या देशांत बहुतेक पशुवैद्यक आधीच मारलेले भक्ष्य देण्याचा सल्ला देतात. त्यामागे उंदराची दया हे एक कारण आहेच, पण सापाचा जीव हे दुसरे आणि तितकेच मोठे कारण आहे. नेमके प्रकरण काय, ते जाणून घेऊया.

आधी मूळ प्रश्न : घरात साप ठेवता येतो का?

देशी साप असेल तर उत्तर स्पष्ट 'नाही' असे आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार भारतातील साप संरक्षित आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर नाग, घोणस, धामण आणि अजगर हे अनुसूची १ मध्ये आहेत. या अनुसूचीतील प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला किमान ३ ते कमाल ७ वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. साप बिनविषारी आहे, शेतातच सापडला, दोनच दिवस ठेवला, या सबबी चालत नाहीत.

आफ्रिकेतील बॉल पायथनसारख्या विदेशी सापांचे नियम वेगळे आहेत. आंतरराष्ट्रीय व्यापार करार 'साइटिस'च्या यादीतील आणि आपल्या कायद्याच्या अनुसूची ४ मध्ये असलेला जिवंत प्राणी बाळगणाऱ्याला केंद्राच्या २०२४ च्या नियमांनुसार 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करावी लागते. तस्करीतून आलेला साप या नोंदणीने कायदेशीर होत नाही. जून २०२५ मध्ये मुंबई विमानतळावर थायलंडहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानातून सीमाशुल्क विभागाने चाळीसहून अधिक विषारी साप जप्त केले होते.

जिवंत उंदीर दिला तर सापाला काय धोका?

शेतात साप दबा धरतो, वेळ निवडतो आणि मागून किंवा बाजूने झडप घालतो. डाव फसला तर उंदीर बिळात पळतो आणि साप आपल्या वाटेने जातो. पेटीत दोघांनाही पळायला जागा नसते. सापाला भूक नसेल, तो कात टाकण्याच्या तयारीत असेल किंवा पेटीत पुरेशी ऊब नसेल, तर तो उंदराकडे ढुंकूनही पाहत नाही.

उंदीर मात्र स्वस्थ बसत नाही. घाबरलेला किंवा भुकेला उंदीर सापाला कुरतडू लागतो. डोळे, तोंड, पाठ अशा ठिकाणी खोल जखमा होतात. त्यांत जंतुसंसर्ग होतो आणि कधी मणक्यापर्यंत इजा जाते. रात्रभर उंदीर पेटीत सोडून झोपलेल्या मालकाला सकाळी मरणपंथाला लागलेला साप दिसावा, असे प्रकार सर्पतज्ज्ञांना नवे नाहीत. साप विळखा घालतानाही उंदीर चावू शकतो.

मग साप शिकार करायला विसरणार नाही का?

हा सर्वात पसरलेला समज आहे. पाळलेल्या सापाला परत रानात जायचे नसते, त्यामुळे शिकारीचा सराव ही त्याची गरज नाही. सापाला हवे असते ते अख्खे भक्ष्य. हाडे, यकृत, कातडी यांतूनच त्याला कॅल्शियम आणि जीवनसत्त्वे मिळतात. ही पोषणमूल्ये ताज्या मारलेल्या उंदरातही असतातच. म्हणून नुसते चिकनचे तुकडे देणे हा पर्याय ठरत नाही.

साप भक्ष्य ओळखतो ते मुख्यतः वासावरून. तो जीभ बाहेर काढून हवेतील गंधाचे कण टिपतो आणि टाळूतील जेकबसन अवयवापर्यंत नेतो. बॉल पायथनच्या ओठांवर तर उष्णता टिपणारे खड्डेही असतात. म्हणजे उंदीर कोमट आणि वासाचा असला की काम भागते.

मेलेले भक्ष्य देतात कसे?

परदेशात गोठवलेले उंदीर पाकिटात मिळतात. ते देण्याची रीत साधारण अशी :

• पाकीट आधी फ्रीजमध्ये ठेवून पूर्ण वितळू देतात. नंतर गरम पाण्यात ठेवून उंदीर जिवंत प्राण्याच्या अंगाइतका कोमट करतात. मायक्रोवेव्ह वापरत नाहीत, कारण उंदीर कुठे शिजतो, कुठे गोठलेलाच राहतो.
• उंदराची जाडी सापाच्या सर्वात जाड भागाइतकी असते, फार मोठी नाही.
• भक्ष्य लांब चिमट्याने धरून हलवतात, हाताने देत नाहीत. हाताला उंदराचा वास असला की साप हातालाच भक्ष्य समजतो.
• खाल्ल्यानंतर साधारण दोन दिवस सापाला हाताळत नाहीत, नाहीतर तो खाल्लेले ओकून टाकतो.
• गोठवल्याने काही परजीवी मरतात, साल्मोनेला जिवाणू मात्र टिकतात. म्हणून हात साबणाने धुणे आणि घरच्या अन्नापासून भक्ष्य वेगळे ठेवणे गरजेचे असते.

जिवंत भक्ष्याची सवय लागलेला साप सुरुवातीला मेलेला उंदीर नाकारू शकतो. मोठा, निरोगी बॉल पायथन काही आठवडे, कधी काही महिनेही उपाशी राहतो. वजन घटत असेल तर पशुवैद्यकाला दाखवणे हा मार्ग असतो.

गोदामातला उंदीर चालेल का?

नाही. शेतात आणि गोदामात झिंक फॉस्फाइड, ब्रोमाडायोलोन अशी उंदीरनाशके वापरली जातात. ब्रोमाडायोलोनसारखे विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो काही दिवस हिंडतो आणि त्याला खाणाऱ्याच्या पोटात ते विष जाते. पकडणाऱ्या माणसाला लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, तो वेगळाच. विदेशी साप पाळणारे म्हणूनच खास पैदास केलेले उंदीर वापरतात.

उंदराच्या जिवाचे काय?

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० मध्ये 'प्राणी' म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव. त्यात उंदीरही आला. सापाला खाद्य म्हणून जिवंत उंदीर देण्यावर या कायद्यात नाव घेऊन बंदी नाही. पण केवळ करमणुकीसाठी एखाद्या प्राण्याला कोंडून दुसऱ्या प्राण्याचे भक्ष्य करणे हा कलम ११ नुसार गुन्हा आहे. लाइक्ससाठी केलेले रील या कलमाच्या कक्षेत येऊ शकते. विनाकारण क्रूर पद्धतीने मारणेही याच कलमात येते. त्यामुळे 'मेलेला द्या' याचा अर्थ उंदीर पाण्यात बुडवून किंवा जिवंतच फ्रीझरमध्ये टाकून मारा, असा होत नाही. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र अजूनही १० ते ५० रुपयेच आहे.

घरात सापडलेल्या सापाला काय खाऊ घालावे?

काहीही नाही. जवळा बाजार परिसरातील वाचकांसाठी हाच मुद्दा सर्वात कामाचा. पकडलेला साप तणावात असतो. खाल्ले तरी तो ओकण्याची शक्यता असते आणि उपाशी राहिल्याने एक-दोन दिवसांत काही बिघडत नाही. शिवाय प्रत्येक साप उंदीरखाऊ नसतो. मण्यार मुख्यतः दुसरे साप खातो, तर दिवड मासे आणि बेडूक.

दूध तर कोणत्याच सापाचे अन्न नाही. नागपंचमीला नाग दूध पितो असे दिसते, कारण त्याला अनेक दिवस तहानलेले ठेवलेले असते. ते दूध त्याला पचत नाही.

थोडक्यात लक्षात ठेवा

• साप दिसला तर अंतर राखा आणि वन विभागाच्या १९२६ या टोल फ्री क्रमांकावर कळवा.
• बरणीत किंवा पेटीत साप ठेवू नका, त्याच्यासमोर उंदीर सोडून व्हिडिओ करू नका.
• नोंदणीकृत विदेशी साप असेल तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने मारलेलेच भक्ष्य द्या. तो नकोसा झाला तरी शेतात सोडू नका.
• बांधावरची धामण हंगामभर उंदीर फस्त करते, तेही फुकट. तिला तिची शिकार तिच्याच जागी करू द्या.